३०० रुपयांच्या आतला पिवळा मीटर आणि नुसतीच टकटक करणारी गाडी

इलेक्ट्रिकलच्या कोणत्याही दुकानात होल्डर, टेप आणि टेस्टर यांच्या शेजारी खिळ्याला लटकलेला व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारा एक छोटा पिवळा डिजिटल मल्टिमीटर दिसतो. त्याच्यावर डीटी-८३० आणि पुढे एखादे अक्षर असा क्रमांक छापलेला असतो. नाव दर दुकानात वेगळे, साचा मात्र एकच. मी माझा मीटर रत्नागिरीच्या बाजारातून २८० रुपयांना घेतला आणि गेले सात महिने तो जवळजवळ एकाच कामासाठी वापरला: चावी फिरवल्यावर टकटक आवाज येतो, पण गाडी सुरू होत नाही, तेव्हा दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी. हे परीक्षणही तेवढ्याच कामापुरते आहे. घरातील २३० व्होल्टच्या वायरिंगला मी हा मीटर लावत नाही आणि कोणी लावावा असेही मला वाटत नाही, कारण त्याच्या बारीक वायरी आणि पातळ कवच पाहता तिथे अधिक चांगल्या दर्जाचे उपकरण हवे.

माझी गाडी अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती शेडमध्ये उभी असते, पण समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापासून तिला कोणताही पत्रा वाचवू शकत नाही. गेल्या ऑगस्टमधील एका सकाळी चावी फिरवली, तर बॉनेटखालून टक-टक-टक-टक असा, पालीला घाई झाल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जागचे हलले नाही. रस्त्यावरील मदतसेवेचा मुलगा तासाभराने आला, त्याने दुसऱ्या बॅटरीची वीज देणारी जम्पर केबल लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ‘‘काका, बॅटरी किती वर्षांची आहे?’’ त्याने विचारले. चार वर्षे, असे मी सांगितले. ‘‘मग झालं तिचं.’’ त्याचा तर्क मला पटला, कारण चार-पाच वर्षांनी बॅटरी जाते हे आपण सगळेच धरून चालतो. जुनी बॅटरी बदल्यात देऊन ४,१०० रुपयांची नवी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बसवली. नवव्या दिवशी, त्या नव्या बॅटरीवर, पुन्हा तीच टकटक सुरू झाली. मीटर मी त्याच संध्याकाळी घेतला.

मीटर हातात घेण्याआधी आवाज नीट ऐकावा, कारण अर्धे निदान तिथेच होते. स्टार्टर मोटरला गॅरेजमध्ये सगळे सेल्फ म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेला असतो आणि त्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळे जोर लावून लोखंडी दट्ट्या आत खेचते, दुसरे त्याला तिथे धरून ठेवते. दट्ट्या आत गेला की दातांचे चक्र फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या जड दातेरी चाकात, अडकते, तांब्याचे जाड संपर्क जुळतात आणि बॅटरीचा प्रवाह सरळ मोटरमध्ये शिरतो. त्याच क्षणी खेचणाऱ्या वेटोळ्याचे काम संपते आणि सगळा भार धरून ठेवणाऱ्या, तुलनेने अशक्त वेटोळ्यावर येतो. आता मोटरने प्रवाह मागताच व्होल्टेज कोसळले, तर या वेटोळ्याची पकड सुटते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते, संपर्क तुटतात, भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि दट्ट्या पुन्हा आत खेचला जातो. आपल्याला ऐकू येणारी टकटक ती हीच. म्हणजे भरभर टकटक होत असेल, तर सोलेनॉइड बहुधा धडधाकट असतो आणि त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्टेज टिकत नसते. हे व्होल्टेज बॅटरीतच नाही, की वाटेत कुठे गळते आहे, एवढाच प्रश्न उरतो.

एकच दणदणीत ‘ठक’ येऊन शांतता पसरत असेल, तर दट्ट्या आत गेलेला आहे, पण मोटर फिरत नाही. तेव्हा जळलेले संपर्क, झिजलेले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) किंवा क्वचित अडकलेले इंजिन यांचा संशय घ्यावा. फ्यूजबॉक्समधून बारीकशी ‘टिक’ येत असेल, तर रिले, म्हणजे सोलेनॉइडकडे वीज सोडणारा छोटा स्विच, जुळतो आहे आणि सोलेनॉइडपर्यंत वीज पोचत नाही. सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, ही तक्रार निराळी आहे आणि तिचा इथे संबंध नाही.

आणखी एक चाचणी फुकट आहे. हेडलाइट लावून चावी फिरवावी. टकटकीबरोबर दिवे मावळत असतील, तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवरील पकड यांच्याकडे बोट जाते. माझे दिवे मात्र टकटक चालू असतानाही लख्ख होते. त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही, आणि मदतसेवेच्या मुलाने तर दिवे लावून पाहिलेच नव्हते.

आता मीटरकडे येतो. गाडीच्या कामासाठी त्याच्या चकतीवरची एकच जागा लागते: डीसी व्होल्टच्या बाजूचा २० हा आकडा. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात, लाल वायर व्होल्टच्या छिद्रात, आणि मग व्होल्टचा शंभरावा भाग दाखवणारा आकडा समोर येतो. या वर्गातील मीटरच्या कागदावर अचूकता अर्धा टक्का आणि शेवटच्या अंकात दोनचा फरक अशी दिलेली असते. १२.६० व्होल्टला हा हिशेब वर-खाली ०.०८ व्होल्टपर्यंत जातो. त्यामुळे १२.४५ आणि १२.५० यांमध्ये भेद करण्याच्या भानगडीत पडू नये, पण बॅटरी भरलेली, अर्धी की रिकामी, एवढे तो निश्चित सांगतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ किंवा थोडे अधिक दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. गाडी चालवून आल्याआल्या मोजू नये. तेव्हा प्लेटांच्या पृष्ठभागावरील ताज्या चार्जिंगमुळे १२.८ किंवा १३ असा फसवा आकडा दिसतो. थांबायला वेळ नसेल, तर दोन-तीन मिनिटे हेडलाइट लावून ते बंद करावेत आणि मग मोजावे.

नुसत्या उभ्या बॅटरीचे व्होल्टेज मात्र अर्धेच सत्य सांगते. आतून थकलेली बॅटरी शांत असताना १२.५ दाखवते आणि सेल्फचा भार पडताच ७ पर्यंत गडगडते. म्हणून दुसरे मोजमाप कोणीतरी चावी फिरवत असताना घ्यायचे असते. आपल्याकडच्या हवेत चांगल्या बॅटरीने सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जाऊ नये. या मीटरची पहिली खरी मर्यादा इथेच जाणवते. पडद्यावरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो आणि सर्वांत खालचे मूल्य धरून ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे टकटक चालू असताना ११, ८.७, १२, ९.३ असे आकडे नाचतात आणि त्यांतला कोणता मानावा हे कळत नाही. महागड्या मीटरमध्ये किमान-कमाल नोंदीचे बटण असते. इथे आकड्यांचा नाचच लक्षण मानायचा आणि दोन ठिकाणच्या नाचांची तुलना करायची, ही युक्ती मला सरावाने जमली.

पहिल्या संध्याकाळी मी चूकही केली, आणि ती बहुतेक नवशिके करत असावेत. अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, तपासायचे म्हणून मी चकती रोध मोजणाऱ्या २०० ओहमवर लावली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनला टेकवले. ०.५ आले. दोन्ही टोके एकमेकांना टेकवली तरी ०.४ येत होते, म्हणजे तो मीटरच्या वायरींचाच रोध होता. तेव्हा अर्थिंग उत्तम आहे असे समजून मी समाधानाने हात पुसले. खरे तर या मोजमापाला काही अर्थच नव्हता. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर मागतो. वाटेत ०.०५ ओहमचा रोध असला, तरी १०० अँपिअरला ५ व्होल्ट तिथल्या तिथे खर्ची पडतात, आणि ०.०५ ओहम हा आकडा या मीटरला दिसूच शकत नाही, कारण त्याची सर्वांत लहान पायरी ०.१ ओहमची आहे. जाड केबलीतले दहा धागे शाबूत आणि बाकीचे हिरवे पडलेले असले, तरी मीटरच्या अगदी क्षीण प्रवाहाला तेवढे दहा धागे पुरतात. म्हणून जाड केबल कधीही ओहमवर मोजू नये. तिच्यातून प्रवाह वाहू पाहत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात, ते मोजावे.

दुसऱ्या दिवशी ते मोजले. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाही वर दुमडलेली, आणि चावीपाशी आमची कन्या. ‘‘बाबा, मारू सेल्फ?’’ ‘‘मार. बास, सोड.’’ एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि दोन खेपांमध्ये मिनिटभर विश्रांती, हा नियम आम्ही पाळला, कारण अडखळणारा सेल्फ लवकर तापतो. प्रथम बॅटरीच्या दोन खांबांवर, म्हणजे टर्मिनलांवर: शांत असताना १२.५८, टकटक चालू असताना ११.८ च्या आसपास. भार पेलणाऱ्या बॅटरीचे व्होल्टेज याहून जास्त खाली येते. इथे प्रवाह मोटरपर्यंत धड पोचतच नव्हता. मग लाल टोक पॉझिटिव्ह खांबाच्या शिशावर आणि काळे त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर: ०.०२. तिथे दोष नाही. लाल टोक पॉझिटिव्ह खांबावर आणि काळे सेल्फच्या जाड बोल्टवर: ०.१ पेक्षा कमी, म्हणजे तिथेही नाही. मग काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल बॉडीच्या उघड्या पत्र्यावर: ०.०४. शेवटी काळे टोक तसेच ठेवून लाल टोक गिअरबॉक्सच्या कवचावर खरडून घट्ट टेकवले आणि कन्येला खूण केली. पडद्यावर ३, ७, ५, ८ असे आकडे धावू लागले. निरोगी गाडीत हा आकडा ०.३ च्या खाली असतो. माझ्या गाडीत बॅटरीचे निम्म्याहून अधिक व्होल्टेज निगेटिव्ह खांब आणि गिअरबॉक्स यांच्यामधील हातभर केबलीत नाहीसे होत होते.

मग आदल्या सगळ्या खुणा जुळत गेल्या. या गाडीत निगेटिव्ह केबलीला दोन फाटे आहेत, एक बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला. हेडलाइट बॉडीतून अर्थिंग घेतात, म्हणून ते लख्ख राहिले. सेल्फ आणि त्याचा सोलेनॉइड गिअरबॉक्समधून अर्थिंग घेतात, म्हणून ते उपाशी राहिले. मदतसेवेच्या मुलाने तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच काम केले होते: लाल पकड पॉझिटिव्हला, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो म्हणून काळी पकड शेवटी, बॅटरीपासून दूर, इंजिनच्या लोखंडावर. पद्धत बरोबर होती, पण त्या काळ्या पकडीने माझ्या कुजलेल्या केबलीला वळसा घालून इंजिनला थेट, ताजे अर्थिंग दिले. गाडी सुरू झाली ती दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर कमी आणि त्या पकडीमुळे जास्त. नवी बॅटरी बसवताना केबल ओढली-वळवली गेल्यामुळे उरलेले धागे आठ दिवस पुन्हा नीट टेकले असावेत. खातरी करण्यासाठी मी जम्पर केबलीतली फक्त काळी वायर घेतली, एक टोक स्वतःच्याच बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या हुकाला लावले. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. कन्येने चावी फिरवली आणि इंजिन तत्काळ सुरू झाले.

अशा टकटकीत जम्पर केबल हे केवळ मदतीचे साधन नाही, ते निदानाचेही साधन आहे, आणि काळी पकड कुठे लावली यावर त्या निदानाचा अर्थ बदलतो, हे मला त्या संध्याकाळी उमगले. अर्थिंग खराब असताना सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि कधी क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलीतून जातो, तेव्हा त्या तापतात. अशी केबल हाताला कोमट लागली, तर मीटरशिवायही निदान झाले असे समजावे.

दुरुस्ती सांगायला फार वेळ लागत नाही. निगेटिव्ह क्लॅम्प १० नंबरच्या पान्याने आधी सोडवला, गिअरबॉक्सवरचा बोल्ट काढला, आणि थिंबलच्या (केबलीच्या टोकावरील धातूच्या कडीच्या) मानेपाशी इन्सुलेशन सोलले, तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघाली. ऑटो इलेक्ट्रिशियनने तेवढ्याच लांबीची नवी केबल दोन्ही बाजूंना थिंबल दाबून ३५० रुपयांत करून दिली. कवचाची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. त्यानंतर सेल्फ फिरत असताना त्याच दोन बिंदूंमध्ये ०.१४ व्होल्ट आले आणि बॅटरीच्या खांबांवर १०.७. गाडी सुरू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर १४.१ देत होता, १३.८ ते १४.४ असले की चार्जिंगची चिंता नाही. बदल्यात गेलेली जुनी बॅटरी निरोगी होती की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही, आणि ते ४,१०० रुपये मी त्या हिरव्या पुडीच्या खात्यावर मांडले आहेत.

या मीटरचा सर्वांत मोठा दोष त्याच्या तिसऱ्या छिद्रात आहे. त्याच्याजवळ ‘१० अँपिअर’ आणि त्याखाली ‘अनफ्यूज्ड’ असे इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेले असते. म्हणजे या वाटेला फ्यूज नाही. लाल वायर त्या छिद्रात असताना टोके बॅटरीच्या दोन खांबांना लागली, तर मीटर म्हणजे जणू एक जाड तार होते. वायरी वितळतात, हात भाजतो आणि ठिणगी बॅटरीजवळच उडते. सेल्फ किती प्रवाह घेतो ते पाहू, असे म्हणून कोणी मीटर मधे जोडला, तरी तेच होणार, कारण १० अँपिअरच्या वाटेतून शंभर अँपिअर जाऊ शकत नाहीत. रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर बंद गाडीतला गळका प्रवाह मोजण्यापुरता या छिद्राचा उपयोग आहे. गाडीतला संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबल्यावर तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तरीही मोजमाप चालू असताना चुकून कोणी चावी फिरवली तर मीटर गेला. मी त्या छिद्रावर काळी टेप चिकटवून टाकली आहे आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानातून घरी येताच हेच करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

एकच ‘ठक’ येणाऱ्या गाडीत हा मीटर कितपत कामाला येतो, हे ओळखीच्या गॅरेजमध्ये पिटवर उभे राहून पाहिले. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात. चावी फिरवलेली असताना बॅटरीकडच्या बोल्टवर १२ आणि मोटरकडच्या बोल्टवर शून्य आले, तर आतले संपर्क जळाले. दोन्हींवर व्होल्टेज आले आणि मोटर गप्प राहिली, तर कार्बन किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, खराब. हे काम मीटरने बिनचूक केले, पण बऱ्याच गाड्यांत सेल्फ वरून हाताला लागत नाही, हे लक्षात ठेवावे. पान्याने सेल्फवर हलकेच ठोकून गाडी चालू करण्याची जुनी युक्ती कार्बन अडकल्यासारख्या दोषातच चालते. माझ्या दोषावर ती दिवसभर करूनही उपयोग झाला नसता.

किरकोळ तक्रारीही आहेत. पडद्यामागे उजेड नाही, त्यामुळे बॉनेटखाली दुसऱ्या हातात टॉर्च लागतो. वायरी जेमतेम दोन फूट भरतील आणि टोके निमुळती असल्याने गंजलेल्या कवचावर नीट रुतत नाहीत. मी बाजारातून मगरीच्या तोंडाच्या दोन छोट्या पकडी आणून लावल्या, तेव्हा एकट्यानेही मोजता येऊ लागले. आपोआप बंद होण्याची सोय नाही, चकती फिरवून बंद करायला विसरले की आतली ९ व्होल्टची बॅटरी संपते. ती संपत आली की हे मीटर खरे व्होल्टेज सोडून वाढीव आकडे दाखवू लागतात, आणि उतरलेली बॅटरी भरलेली भासते. हा दोष सर्वांत कावेबाज आहे. म्हणून दुकानातच एक नवा कोरा १.५ व्होल्टचा सेल मागून त्यावर मीटर लावावा आणि १.५५ ते १.६५ च्या दरम्यान काही आले तरच घ्यावा. मी तीन मीटर लावून पाहिले. त्यांतल्या एकाने १.८ दाखवले, तो परत खिळ्याला गेला.

महिन्याभरापूर्वी शेजाऱ्यांच्या गाडीने सकाळी तशीच भरभर टकटक केली आणि ते मोठ्या आशेने केबल पाहायला मला घेऊन गेले. हेडलाइट लावले, तर चावी फिरवताच ते मावळले. खांबांवर शांतपणी ११.७, टकटकीत पाचच्या घरात, निगेटिव्ह खांब ते इंजिन ०.०६. रात्रभर चार्जरला लावून सकाळी १२.६ झाले, चार तासांनी पुन्हा १२.१. केबल अगदी ठणठणीत होती. त्यांना मी बॅटरीच घ्यायला सांगितले.